देण्याची गोधडी : वाचकांचे प्रश्न, माझी उत्तरं

थंडीची चाहूल लागली की माझ्याकडे गोधडीची पत्रं यायला लागतात. यंदाच्या बहुतेक पत्रांतली गोधडी स्वतःसाठी नाही. कुणाला नातवाला द्यायची आहे, कुणाला परदेशातल्या सासूबाईंना, कुणाला वृद्धाश्रमात. म्हणून या अंकात फक्त देण्याच्या गोधड्यांबद्दल बोलते. माझं माहेर माण तालुक्यातलं. तिकडे आम्ही वाकळ म्हणायचो आणि उन्हाळ्यात शेतीची कामं सरली की घरोघरी वाकळा पडायच्या. आता साताऱ्यात आम्ही पाचसहा जणी दर गुरुवारी दुपारी शिवायला बसतो. खालची उत्तरं लिहिताना त्या सगळ्यांचं मत घेतलं आहे.

नाशिकहून एक होणारी आजी लिहितात : मावशी, लेकीला सातवा महिना आहे. बाळंतविड्यातली झबली-टोपरी विकतची चालतील, पण दुपटं तुझ्या हातचंच हवं, असं ती म्हणते. माझ्या आईच्या तीन सुती साड्या मी जपून ठेवल्या आहेत. आई जाऊन चार वर्षं झाली. विहीणबाईंचं म्हणणं, गेलेल्या माणसाचं कापड तान्ह्या बाळाला नको. काय करू?

साड्या वापरा. वर्षानुवर्षं धुऊन मऊ झालेल्या सुती कापडाइतकं चांगलं कापड तान्ह्या अंगाला दुसरं नाही. नव्या कापडात खळ असते, कधी रंग पक्का नसतो, आणि त्याची खरखर जायला कितीतरी धुणी लागतात. आपल्याकडे आजीच्या, पणजीच्या लुगड्याचं दुपटं घरोघरी शिवलं जायचं, आणि ती पणजी हयात आहे की नाही हे कुणी विचारायचं नाही. मला तर उलट वाटतं. तुमच्या आईला पणती किंवा पणतू मांडीवर घेता आला नाही, तिच्या साडीला तरी घेऊ द्या.

पण विहीणबाईंचं मन मोडू नका. त्यांनाच एक जुनी, अंगवळणी पडलेली सुती साडी मागा. दुपट्याची एक बाजू तुमच्या आईच्या साडीची, दुसरी बाजू त्यांच्या साडीची करा. मागून बघा, त्या नाही म्हणणार नाहीत, असं मला मनापासून वाटतं.

आता कापडाचं. साडी खिडकीत उजेडासमोर धरा. नेसून नेसून निऱ्यांचा आणि मागचा भाग विरलेला असतो, तिथून उजेड जास्त येईल. तो भाग मधल्या थरात घाला. बाहेरच्या बाजूंना आतल्या पदराकडचं, म्हणजे कमरेला खोचलं जाणारं, धडधाकट कापड घ्या. काठ कापून टाका, जरीचा असेल तर नक्कीच. तो टोचतो आणि धुतल्यावर आक्रसून कापडाला सुरकुत्या पाडतो. ३६ इंच बाय ३६ इंचाचं दुपटं पुरतं. थर तीन, त्याहून जास्त नको. कापण्याआधी साड्या गरम पाण्यात साध्या साबणाने धुऊन कडक उन्हात वाळवा.

दोरा सुतीच घ्या. शिवणीच्या दोन ओळींत एका बोटाचं अंतर ठेवा. गाठ बाहेर दिसता कामा नये, कारण बाळाच्या गालाला तीच घासते. त्यासाठी असं करा : दोऱ्याच्या टोकाला लहान गाठ मारा. जिथून ओळ सुरू करायची तिथून बोटभर आत सुई फक्त वरच्या कापडातून खुपसा आणि ओळीच्या सुरुवातीला बाहेर काढा. मग दोरा हलका हिसका देऊन ओढा. टक् असा बारीक आवाज येतो आणि गाठ कापडातून आत थरांमध्ये जाऊन बसते. ओळ संपली की एकाच जागी दोन टाके घालून सुई परत थरांमधून बोटभर नेऊन बाहेर काढा आणि दोरा कापडालगत कापा. उरलेलं टोक आपोआप आत जातं. दोन्ही बाजूंनी हात फिरवून बघा, कुठेही काही बोचता कामा नये.

बटणं, टिकल्या, आरसे, गोंडे काहीही लावू नका. बाळ सगळं तोंडात घालतं. आणि लेकीला एक सांगून ठेवा : दुपटं बाळाखाली अंथरायला, आंघोळीनंतर गुंडाळायला, मांडीवर घेताना धरायला आहे. झोपलेल्या बाळाच्या अंगावर सैल पांघरूण टाकून ठेवू नये, वर्षभराचं होईपर्यंत त्याच्याजवळ उशा-गोधड्यांचा ढीगही नको, असं डॉक्टर सांगतात. पांघरूण तोंडावर आलं तर तान्ह्याला ते बाजूला करता येत नाही. तीन साड्या आहेत तर दुपटी तीनचार करा, भिजायची आहेतच ती.

सांगलीहून एक वाचक लिहितात : मी एसटीत वाहक होतो, आता निवृत्त आहे. मला गोधडी शिवायला शिकायचं आहे. घरातल्यांना हे बाईमाणसाचं काम वाटतं. शिवाय गुडघे गेलेत, जमिनीवर बसता येत नाही. जमेल का?

जमेल, भाऊ. सुई पुरुषाच्या हाती शोभत नाही असं म्हणणाऱ्यांना आपल्या गावचे शिंपी आठवून द्या. आमच्या माणदेशात धनगर बाप्ये मेंढरांमागे चालता चालता लोकर कातत असत. सूत, सुई, दोरा यांत बाई-पुरुष असं काही नसतं.

गुडघ्यांचं म्हणाल तर जमिनीवर बसावं लागतं ते फक्त थर अंथरून टाचण्यापुरतं. ते काम घरातल्या तरुण माणसाकडून करून घ्या. त्याने खालचं कापड ताणून पसरायचं, कोपऱ्यांवर जड वस्तू ठेवायच्या, त्यावर एकेक थर सुरकुती न पडता अंथरायचा आणि वीतभर लांब कच्च्या टाक्यांनी मधून कडेकडे टाचत न्यायचं. कडेकडून मधे आलात तर सगळी झोळ मधे गोळा होते आणि ती नंतर निघत नाही. एकदा टाचलं की तुम्ही जेवणाच्या टेबलाशी खुर्चीत बसून शिवू शकता. न शिवलेला भाग वळकटी करून टेबलावर ठेवा, म्हणजे वजन हातावर येत नाही.

सुई लांब आणि मोठ्या नेढ्याची घ्या. दाभण नको, त्याने जुन्या कापडाला भोकं पडतात. मधल्या बोटात अंगुस्तान घालायची सवय पहिल्या दिवसापासून लावा. टाका गव्हाच्या दाण्याएवढा, वर जेवढा तेवढाच खाली. पहिल्या काही ओळी वाकड्या येतील, त्या उसवू नका. आणि सुरुवात पूर्ण गोधडीने नको, देवापुढच्या आसनाने करा. हात बसला की मग दुपटं, मग गोधडी. शिवलेलं पहिलं आसन कुणाला द्यायचं ते आधीच ठरवून ठेवा. द्यायचं माणूस ठरलं की हातातलं काम मागे पडत नाही.

पुण्याहून भिशी मंडळातल्या एक ताई : आमच्या सोसायटीने जुने कपडे गोळा केले, चौदा पोती झाली. त्यातून पन्नास गोधड्या शिवून संक्रांतीला गरजूंना वाटायच्या असं ठरलं आहे. कोणते कपडे घ्यावेत, आणि गोधड्या कुठे द्याव्यात?

ताई, आधी कुठे द्यायच्या ते ठरवा. पोती त्यानंतर उघडा. माझं सगळ्यात कळकळीचं सांगणं हेच आहे. ऑगस्ट २०१९ च्या पुरानंतर कोल्हापूर-सांगलीकडे गाड्या भरभरून जुने कपडे गेले. देणाऱ्यांचं मन चांगलंच होतं. पण फाटक्या, मळक्या, कुणाच्याच कामाच्या नसलेल्या कापडांचे ढीग तिथे रस्त्याकडेला पडून राहिलेले मी पाहिले आहेत. ज्यांच्या घरात गुडघाभर गाळ, त्यांनाच तो ढीगही उपसावा लागला. म्हणून आमच्या गटाचा नियम एकच : जिथे द्यायची तिथे आधी जायचं, विचारायचं, आणि मगच कात्री हातात घ्यायची.

विचारलं की काय कळतं ते सांगते. दिवाळीनंतर बीड, अहिल्यानगर, जालन्याकडून ऊसतोडीची कुटुंबं आमच्या भागात येतात, ती मार्च-एप्रिलपर्यंत कारखान्यांच्या आसपास कोपी, म्हणजे तात्पुरत्या झोपड्या, घालून राहतात. ऊसतोडीच्या बोलीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. लेकरं बरोबर असतात. पहाटे अंधारात माणसं फडात जातात. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा एका बाईला विचारलं, तुला कशी गोधडी हवी? ती म्हणाली, खाली टाकायला जाड द्या, वर घ्यायला हलकी द्या, आणि एवढी मोठी द्या की मी आणि तिन्ही पोरं एकीत मावू. तोवर आम्ही एकेका माणसाच्या मापाच्या, छान छान रंगांच्या शिवत होतो. कोपीत जमीन ओली असते, दव आतपर्यंत येतं. अंथरायची गोधडी जाड असली की थंडी खालून लागत नाही. लेकरं आईला बिलगून झोपतात, तिथे चार लहान गोधड्यांपेक्षा सात बाय सात फुटांची एक बरी. आणि रंग गडद. पांढरी, फिकी गोधडी उसाच्या चिखलात आठवडाभरही चांगली राहत नाही आणि तिथे धुणं सोपं नसतं.

वृद्धाश्रमात गेलात तर अगदी उलट ऐकायला मिळेल. तिथल्या खाटा साधारण तीन बाय सहा फुटांच्या. आजी-आजोबांना जड पांघरूण स्वतःहून बाजूला करता येत नाही, रात्री उठायचं झालं तर पायांत अडकतं. अंथरूण ओलं होण्याचे प्रसंग रोजचे. तिथे तीन थरांची, पटकन धुता आणि वाळवता येणारी हलकी गोधडी द्या, आणि एकेका खाटेला दोन द्या. एक वाळत असताना दुसरी हवी. तिथे फिके, प्रसन्न रंग चालतात, आजींना ते आवडतातही. आमच्या एका गोधडीवर नारायणपेठ साडीचा काठ लावला होता, त्यावर दोन आज्यांची जुंपली होती. तेव्हापासून एका आश्रमाला सगळ्या गोधड्या सारख्याच तोलाच्या देतो.

रुग्णालयात पेशंटला द्यायची असेल तर सिस्टरना विचारल्याशिवाय काहीच नेऊ नका. अशक्त रुग्णाला जुन्या कापडातून संसर्ग होऊ शकतो, तिथे नवं कापडच हवं आणि तेही गरम पाण्यात धुतलेलं. पण पेशंटबरोबर आलेले नातेवाईक व्हरांड्यात, धर्मशाळेत दिवस काढतात, त्यांची आठवण ठेवा. गाडगेबाबांच्या अंगावर सदा चिंध्यांचं पांघरूण, म्हणून लोक त्यांना गोधडेबुवा म्हणत. त्यांच्या नावाची दादरची धर्मशाळा आजही बाहेरगावच्या कर्करुग्णांना आणि त्यांच्या माणसांना आसरा देते. अशा ठिकाणीही फोन करून, काय हवं ते विचारून मगच जा.

आता तुमची चौदा पोती. सुती आणि कृत्रिम धागा आधी वेगळा करा. हाताला कळत नसेल तर शिवणीच्या आतल्या कडेतून कापडाचाच एक धागा ओढून काढा, शिलाईचा दोरा नको, चिमट्यात धरून ताटलीवर पेटवा. सुती धागा कागदासारखा जळतो, मऊ राख पडते. पॉलिएस्टर आक्रसतं, वितळतं आणि त्याचा कडक मणी होतो. लोकर आणि रेशमाला केस जळल्याचा वास येतो. पॉलिएस्टरच्या साड्या गोधडीत घालू नका. एक तर घाम शोषत नाहीत, दुसरं म्हणजे थर एकमेकांवरून घसरतात आणि दोनचार धुण्यांत टाके ओढले जातात. आणि कोपीत चूल पेटते, जवळच लेकरं झोपतात. वितळणारं कापड तिथे अजिबात नको.

सुती निघालेल्यातलंही सगळं घेऊ नका. बोटांनी ताणून बघा, चर्र आवाज आला तर ते पुसण्याला. बनियन, होजिअरी ताणली जाते, तीही नको. चादरी, धोतरं, सुती साड्या, परकर, पायजमे चांगले. जे उरेल ते घेणाऱ्या संस्था आहेत. शहरातले जुने कपडे निवडून, वर्गवारी करून गावांपर्यंत नेण्याचं काम गूंज ही संस्था वर्षानुवर्षं करते, उरल्यासुरल्या कापडाच्या सुजन्याही, म्हणजे गोधडीसारखीच अंथरुणं, शिवून घेते. तिचे संस्थापक अंशू गुप्ता यांना २०१५ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्यांनाही कपडे धुतलेलेच द्या.

हिशोब असा धरा. एका माणसाच्या गोधडीचं माप पाच बाय सात फूट, म्हणजे साधारण दीड मीटर बाय दोन मीटर दहा सेंटिमीटर. सहावारी साडी साडेपाच मीटर, पन्हा सव्वा मीटरच्या थोडा आत. साडीचे दीड-दीड मीटरचे तीन तुकडे करा, खालचा मीटरभर पदर बाजूला ठेवा. दोन तुकडे पन्ह्याला पन्हा लावून जोडले की एक थर होतो. तीन साड्यांचे नऊ तुकडे, म्हणजे चार थर आणि एक तुकडा शिल्लक. ठेवलेले पदर वरच्या बाजूला जोडायला वापरा, गोधडी देखणी होते. या मापाने पन्नास गोधड्यांना दीडशे धड सुती साड्या लागतील. तुमच्या चौदा पोत्यांतून तेवढ्या निघणार नाहीत, आणि संक्रांतीपर्यंत हाताने पन्नास होणारही नाहीत. दहा करा. दहा पक्क्या गोधड्या दहा घरांत वर्षानुवर्षं चालतात. घाईने केलेल्या पन्नास पहिल्या पावसाळ्यात उसवतात.

आणि गोधडी शिवून झाली की गटातल्या एकीने ती घरी न्यायची, एक रात्र पांघरून झोपायचं, सकाळी धुवायची, वाळवायची. टाका सुटला, रंग गेला, जड झाली, टोचली, जे काय असेल ते कळतं. आपल्या अंगावर जी चालत नाही ती आम्ही देत नाही.

फ्रँकफर्टहून एक वाचक : काकू, माझ्या सासूबाई जर्मन आहेत, फार प्रेमळ. त्यांच्या सत्तराव्या वाढदिवसाला मला माझ्या आजीच्या नऊवारीची गोधडी द्यायची आहे. पण लुगड्याला कात्री लावायला हात होत नाही. न कापता काही करता येईल का?

येईल, आणि तुमच्याकडच्या मापात तर अगदी चपखल बसेल. तुमच्याकडे एका माणसाच्या पांघरुणाचं नेहमीचं माप १३५ बाय २०० सेंटिमीटर असतं ना? नऊवारी साधारण सव्वाआठ मीटर लांब. ती दोन-दोन मीटरवर उलटसुलट घडी घालत गेलात की न कापता चार थर होतात. जे थोडं उरेल ते शेवटच्या घडीत आत दुमडा. पन्हा ११५ सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे रुंदीला वीस सेंटिमीटर कमी पडतात. बाहेरची दोन कापडं पूर्ण १३५ ची घ्या आणि दोन्ही कडांना आत दहा-दहा सेंटिमीटरच्या पट्ट्या भरा. आजीचं लुगडं आत अखंड राहील. कधी कुणाला वाटलं तर टाके उसवून ते जसंच्या तसं बाहेर काढता येईल. तुमच्या बाजूने बघता हे मला फार आवडलं.

पण मग ते दिसणार नाही, असं तुम्ही म्हणाल. बाहेरच्या कापडाच्या एका कोपऱ्यात चारपाच इंचांची खिडकी ठेवा, तिच्यातून लुगड्याचा काठ दिसू द्या. खिडकीची कड आत दुमडून बारीक तुरपाई करा. जुन्या लुगड्याला घडीवर चिरा पडलेल्या असतील तर त्या जागी आतून मलमलीचं ठिगळ ठेवून मगच थर टाचा.

तुमच्या थंडीला नुसतं सूत पुरायचं नाही. मधे एक जुनी लोकरीची शाल घातली तर ऊब येईल, मात्र मग ती गोधडी गार पाण्यातच धुवायची आणि वाळवणी यंत्रात घालायची नाही, लोकर आटते. सासूबाई यंत्रात धुणार असतील तर शाल टाळा आणि एक सुती थर वाढवा. मागच्या बाजूला कापडाचं एक लेबल शिवा : लुगडं कुणाचं, गाव कोणतं, शिवलं कुणी, साल, आणि धुवायची कशी. जर्मनमध्ये आणि मराठीत, दोन्हीत. सासूबाई पाहुण्यांना दाखवतील तेव्हा त्यांना तुमच्या आजीचं नाव वाचता येऊ दे.

थोडक्यात. रंग जाईल का, असं तिघींनी विचारलं आहे : पांढरा रुमाल गरम पाण्यात भिजवून, पिळून, कापडावर दाबून घासा. रुमालाला रंग लागला तर ते कापड वेगळं धुवा, रंग सुटायचा थांबेपर्यंत धुवा, आणि तरी सुटत राहिला तर सोडून द्या. लाल आणि काळ्या खणाकडे विशेष लक्ष. ढेकणांची भीती असलेल्या कपड्यांना उकळतं पाणी हाच उपाय, नुसत्या उन्हावर विसंबू नका. पैठणीची गोधडी कृपा करून करू नका. रेशीम घडीवर तुटतं, आणि धुता न येणारी गोधडी कुणी पांघरत नाही. पैठणीचा धड राहिलेला पदर चौकटीत लावा.

लातूरहून एक मुलगी : माझी आई गोधड्या शिवून देते. आमचं घर त्यावरही चालतं. हल्ली बरेच जण येतात आणि म्हणतात, अनाथाश्रमाला द्यायची आहे, दानाचं काम आहे, शिलाई कमी करा किंवा घेऊच नका. आईला नाही म्हणता येत नाही. डोळे आणि मान दोन्ही दुखतात तिचे. मावशी, आम्ही चुकीचं बोलतो आहोत का?

अजिबात नाही, बाळ. तुझ्या पत्रासारखीच तक्रार मी रस्त्याकडेला बसून गोधड्या शिवणाऱ्या बायकांकडूनही ऐकली आहे आणि दर वेळी मला राग येतो. दान देणाऱ्याने आपल्या खिशातून द्यावं. कापड घरातलं जुनं, दोरा तुझ्या आईचा, डोळे तुझ्या आईचे, आणि फोटोत उभे राहणार दुसरेच, तर मग दान केलं कुणी? तुझ्या आईला स्वतःहून वर्षाकाठी एक गोधडी कुणाला द्यावीशी वाटली, तर ते तिचं दान. ते तिने ठरवायचं, दारात आलेल्याने नाही.

दर कसा ठरवायचा ते सांगते. एक वही कर. आईने पुढची गोधडी घेतली की रोज किती तास शिवलं ते तू लिहून ठेव. टाचण्याचे, कड दुमडून गोट लावण्याचे तासही धर, ते सगळे विसरतात. तुमच्या भागात शेतात बाईला दिवसाचा जो रोज मिळतो त्याला आठाने भाग. तो झाला तासाचा दर, आणि हाताच्या कसबाचं काम असल्यामुळे तो त्याहून कमी कधीच नसावा. तासांना दराने गुण, वर दोऱ्याचे पैसे मिळव. हा आकडा पाहून तुम्ही दोघी चकित व्हाल, कारण आज ती त्याच्या निम्म्यावर शिवत असेल. एकदम तेवढा दर लोक देणार नाहीत, पण घासाघीस कुठून सुरू करायची हे तरी आईला कळेल.

एक पाटी लिहून दारात लाव. तीन प्रकार, तीन दर : दुपटं, एकेरी गोधडी, दुहेरी गोधडी. दोन बोटांच्या ओळींचा दर वेगळा, एका बोटाच्या ओळींचा वेगळा, कारण ओळी दुप्पट म्हणजे तास दुप्पट. अर्धे पैसे आगाऊ. कापड धुतलेलं आणल्याशिवाय घ्यायचं नाही. पाटीवर लिहिलेलं असलं की आईला तोंडाने नाही म्हणावं लागत नाही, बोट दाखवलं की झालं. आणि कुणी पुन्हा दानाचं म्हणालं तर तूच पुढे हो. त्यांना सांग, दानाची आहे ना, मग पक्की शिवायला हवी, आणि पक्क्या शिलाईचा दर पाटीवर आहे.

मान दुखते त्याचं काहीतरी आधी कर. गोधडी मांडीवर घेऊन वाकून शिवण्यापेक्षा खाटेच्या कडेला वळकटी ठेवून, स्वतः पाटावर बसून शिवायला सांग, म्हणजे काम डोळ्यांच्या जवळ येतं आणि मान सरळ राहते. दिव्याखाली रात्री शिवणं बंद, विशेषतः काळ्या कापडावर काळा दोरा. वर्षभरात डोळे तपासले नसतील तर या आठवड्यात तपासून घे. चष्म्याचा खर्चही वहीत लिही, तोही शिलाईतून निघायला हवा.